मेंटॉसचं कारंजं, वूफरवर नाचणारं पीठ: बेळगावच्या अंगणात विज्ञानाचा व्हिडिओ कसा करावा

जून २००६मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या दोघांनी एक व्हिडिओ टाकला. फ्रिट्झ ग्रोब हा जगलर आणि स्टीफन व्होल्ट्झ हा वकील. पांढरे कोट घालून, डोळ्यांवर गॉगल चढवून त्यांनी डाएट कोकच्या १०१ बाटल्या आणि ५२३ मेंटॉस वापरून कारंजी उडवली आणि जगभर गाजले. यूट्यूब सुरू होऊन तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. सोड्यात मेंटॉस टाकलं की फेस उसळतो हे लोकांना त्याआधीही ठाऊक होतं. या दोघांनी कुठली बाटली कधी उडणार, दोन कुठल्या एकदम, चार कुठल्या ओळीनं, याचा लेझीमसारखा ताल बसवला. आणि ताल बसवता आला, कारण प्रत्येक बाटली हमखास उडणार याची त्यांना खात्री होती.

आमच्याकडच्या बहुतेक रील नेमक्या इथंच पडतात. टिळकवाडी असो, येळ्ळूर असो की खानापूर-निपाणीकडचं एखादं गाव, दृश्य तेच. कुणीतरी बाटलीत हातानं एक मेंटॉस टाकतो, वीतभर फेस येतो, पोरं ओरडतात, व्हिडिओ संपला. वर मजकूर असतो, 'खतरनाक केमिकल रिअ‍ॅक्शन'. ती केमिकल रिअ‍ॅक्शन नाही आणि खतरनाक तर त्याहून नाही. प्रयोग कशामुळं होतो हे कळलं की सामान कुठलं घ्यायचं, काय बदलायचं आणि कॅमेरा कुठं लावायचा हे आपोआप सुचत जातं. म्हणून खाली कृतीइतकीच जागा कारणाला दिली आहे.

हंगाम बघून प्रयोग निवडा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या हवेत इतकी ओल असते की फुगा केसांवर घासून नळाची धार वाकवणं, कागदाचे कपटे उचलणं असले स्थिर विजेचे प्रयोग होतच नाहीत. फुग्यावर साठलेला विद्युतभार ओल्या हवेत टिकत नाही. हे सगळं डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवा, तेव्हा हवा कोरडी असते आणि स्वेटर काढतानाही चटचट आवाज येतो. पावसाळ्यात पडवीत करता येण्याजोगं घ्या: कॉर्नफ्लोअर, मण्यांची लड. सोड्याच्या कारंज्याला उघडं आभाळ आणि नंतर धुवायला भरपूर पाणी लागतं. त्यामुळं ज्या दिवशी नळाला पाणी येणार तो दिवस धरा. हे चेष्टेनं लिहीत नाही.

सोड्याचं कारंजं: सावकाश आणि नीट

आधी कारण. सोड्यात कार्बन डायऑक्साइड दाबाखाली विरघळवलेला असतो. बूच उघडलं की त्याला बाहेर पडायचं असतं, पण पाण्याच्या मधोमध नवा बुडबुडा जन्माला येणं अवघड. त्याला सुरुवात करायला एखादी खाच, खरबरीत जागा लागते. मेंटॉस जिभेला गुळगुळीत लागतं, पण त्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य खळगे असतात आणि त्या प्रत्येकात बुडबुडे तयार होतात. शिवाय ते जड असल्यानं सरळ तळाला जातं. बुडबुडे तळात तयार झाले की वरचा सगळा सोडा ढकलत बाहेर येतात. बारीक मीठ टाकूनही फेस येतो, पण मिठाचे कण वरच्या थरातच काम सुरू करतात, म्हणून फेस नुसता ओघळतो, उडत नाही.

अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन स्टेट युनिव्हर्सिटीच्या टोन्या कॉफी यांनी यावर रीतसर प्रयोग करून २००८मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये लेख छापला. पृष्ठभागाचा खरबरीतपणा, गोळी किती वेगानं बुडते आणि डाएट कोकमधलं अ‍ॅस्पार्टेम (साखरेऐवजीचा गोडवा) व पोटॅशियम बेन्झोएट (टिकवण्यासाठी घातलेला पदार्थ), या गोष्टी कारंज्याची उंची ठरवतात असं त्यात दिसलं. सोड्याचा आंबटपणा प्रयोगाच्या आधी आणि नंतर तेवढाच राहिला, म्हणजे आम्ल-अल्काची रिअ‍ॅक्शन नाही. व्हिडिओत हे एक वाक्य बरोबर बोललात तरी कमेंटमधले निम्मे शहाणे गप्प बसतात.

आता सामान. बाटली प्लास्टिकचीच, दोन लिटरच्या आसपासची. काचेची गोटी सोड्याची बाटली कितीही फोटोजेनिक वाटली तरी नको. डाएट कोक आपल्याकडे सहसा छोट्या कॅनमध्ये असतो, त्यामुळं बिनसाखरेच्या कोलाची मोठी बाटली मिळाली तर ती घ्या. पोरं पहिला प्रश्न विचारतात, "सर, थम्सअप चालतंय काय?" चालतंय. उंची थोडी कमी मिळेल आणि साखरेमुळं अंगण चिकट होईल, बाकी काही नाही. मेंटॉस पुदिन्याचे, एका बाटलीला सहा-सात. बाटली फ्रीजमधली नको. थंड सोडा गॅस धरून ठेवतो, कोमट सोडा लवकर सोडतो. एप्रिल-मेमध्ये घरातल्या तापमानाची बाटली पुरते. थंडीत बूच न उघडता ती थोडा वेळ कोमट पाण्याच्या बादलीत उभी करा. गरम पाणी, चूल, गॅस यांच्या जवळ नेऊ नका.

सगळा खेळ सहा गोळ्या एकाच क्षणी तळाला जाण्यावर आहे. हातानं टाकल्या तर पहिली गोळी काम सुरू करते, फेस वर येतो आणि बाकीच्या हातातच राहतात. म्हणून नळी लागते. जाड कागद घेऊन मेंटॉसभोवती गुंडाळा. गोळी आतून सहज घसरली पाहिजे, पण आडवी होता कामा नये. चिकटपट्टी लावून नळी पक्की करा. मग एक गुळगुळीत पट्टी घ्या. यासाठी लग्नपत्रिकेच्या चकचकीत कव्हरासारखं दुसरं काही नाही, आणि मे महिन्यात ती प्रत्येक घरात ढिगानं पडलेली असतात. पट्टी बाटलीच्या तोंडावर आडवी, तिच्यावर नळी उभी, नळीत गोळ्या. पट्टी सर्रकन आडवी ओढायची.

इथं बारकाईनं बघा. बूच उघडल्यावर बाटलीच्या काठावर सोड्याचे दोन-चार थेंब असतात. ते पट्टीला लागले की तळची गोळी ओली होऊन पट्टीला चिकटते, पट्टी ओढताना तिरकी होते आणि नळीत आडवी बसते. एक-दोन गोळ्या पडतात, कारंजं ढोपरापर्यंत येतं आणि पोरं म्हणतात मेंटॉस डुप्लिकेट होते. काठ कोरड्या फडक्यानं पुसा, हातही पुसा, मगच नळी ठेवा. बूचसुद्धा हळू उघडा. बाटली वाटेत हिंदकळली असेल तर आधी अर्धा तास शांत राहू द्या, नाहीतर गॅस तिथंच जातो.

बाटली सपाट फरशीवर ठेवा, दोन्ही बाजूंनी विटा लावा. पट्टी ओढणाऱ्यानं चष्मा किंवा गॉगल घालायचा आणि तोंड बाटलीवर आणायचं नाही. मागं एक बांबू उभा करा आणि त्याला दर अर्ध्या मीटरवर रंगीत फीत बांधा. उंची डोळ्यांनी 'लई वर गेलं' अशी मोजली तर दोन बाटल्यांची तुलना करता येत नाही. फीत दिसली की बघणाऱ्यालाही पैज लावावीशी वाटते, आणि पैज लावणारा माणूस व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. तीच बाटली, तेवढ्याच गोळ्या, फक्त तापमान वेगळं. किंवा तेच तापमान, गोळ्या तीन आणि सहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की व्हिडिओ होतो, पण सांगण्यासारखं काही उरत नाही.

आमच्या भागाला शोभणारी एक कल्पना देतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे, त्यामुळं इथं हवेचा दाब गोव्यापेक्षा कमी. दाब कमी तर सोड्यातला गॅस सुटायला सोपा. थॉमस कुंट्झलमन आणि रायन जॉन्सन यांनी अमेरिकेत वेगवेगळ्या उंचीच्या जागी जाऊन हाच प्रयोग केला आणि २०२०मध्ये त्यावर लेख छापला. आपल्याकडून चोर्ला घाटानं पणजीला कुणी ना कुणी जातच असतं. तेच सामान, तेच तापमान ठेवून एक बाटली वर आणि एक खाली उडवा. कारंज्याच्या उंचीत फरक डोळ्यांना कदाचित दिसणार नाही. त्यापेक्षा आधीची आणि नंतरची बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, किती सोडा बाहेर पडला ते ग्रॅममध्ये कळेल. फरक आला नाही तर तसंच सांगा. 'वाटलं होतं फरक पडेल, पडला नाही' हा व्हिडिओसुद्धा लोक बघतात.

याच उंचीचा दुसरा फायदा: इथं पाणी १०० अंशांना उकळत नाही, साधारण साडेसत्त्याण्णवला उकळतं. उकळत्या पातेल्यात थर्मामीटर धरून तो आकडा नुसता दाखवा आणि बाजूला बसा. कमेंटमध्ये भांडण लागतं आणि या एका भांडणात भाषेचा प्रश्न येत नाही.

मेंटॉस खाऊन वर कोला पिण्याची पैज मात्र लावू नका. फेस घशात आणि नाकात येतो, ठसका लागतो.

वूफरवर नाचणारं पीठ

गणपतीत ज्याच्याकडं डीजेचा सेट आहे तो मित्र इथं उपयोगी. नसेल तर घरातला जुना वूफर चालेल, पण ज्याचा आहे त्याला आधी विचारा.

कॉर्नफ्लोअर सुटं घ्या, रविवार पेठेत घाऊक मिळतं. छोट्या पाकिटांनी परवडत नाही. साधारण दोन वाट्या पिठाला एक वाटी पाणी. पाणी एकदम ओतायचं नाही, चमच्याचमच्यानं घालत हातानंच कालवायचं. मिश्रण बरोबर झालं की नाही याची खूण सोपी आहे: मुठीत दाबलं तर घट्ट गोळा होतो, मूठ उघडली की तोच गोळा बोटांमधून दुधासारखा ओघळतो. गोळाच होत नसेल तर पीठ वाढवा, कोरडे तडे जात असतील तर चमचाभर पाणी. पावसाळ्यात पिठात आधीच ओल असते, तेव्हा हात आखडता घ्या. मैद्यानं हे होत नाही, त्याची सरळ कणीक होते.

कारण असं: पिठाचे कण पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात, आणि ते दाटीवाटीनं असतात. सावकाश ढकललं तर मधलं पाणी त्यांना एकमेकांवरून सरकू देतं. झटका दिला तर पाण्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही, कणावर कण अडकतो आणि सगळं घट्ट होतं. शिकागो विद्यापीठातल्या स्कॉट वाइटुकायटिस आणि हाइनरिश येगर यांनी २०१२मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की अशा मिश्रणात दांडा जोरानं आदळला की त्याच्या पुढं घट्ट झालेला भाग वाढत जातो. हौदभर मिश्रणावरून धावणारी माणसं बुडत नाहीत, ती त्यामुळंच. थांबली की बुडतात.

वूफर आडवा, त्याचा थरथरणारा पडदा (कोन) आभाळाकडं करून ठेवा. त्यावर जाड प्लास्टिक सैल पसरा आणि कडा चिकटपट्टीनं सगळीकडून बंद करा. एक थेंब आत गेला तर वूफर गेला. वर बोटभर जाडीचा थर ओता. मोबाईलवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, ३० ते ६० हर्ट्झमधला एकच सूर लावा आणि आवाज अगदी कमीपासून हळूहळू वाढवा. एका ठिकाणी थर थरथरतो, मग त्यातून बोटं उभी राहतात, वाकतात, एकमेकांना गिळतात. प्रत्येक वूफरचा लागू सूर वेगळा असतो, तो शोधायला लागतो. डीजेचं गाणं लावून हे नीट होत नाही, कारण गाण्यातला बास तुटक येतो. व्हिडिओत गाणं नंतर घाला. मिश्रणात थोडा खाण्याचा रंग टाकला तर सावल्या उठून दिसतात.

झालं की ते मोरीत ओतू नका. तळाला बसून पाइप तुंबतो. उन्हात वाळवा, पुन्हा पीठ होतं, आणि ते पुढच्या वेळी चालतं.

मण्यांची लड

२०१३च्या सुमारास स्टीव्ह मोल्ड या ब्रिटिश माणसाचा व्हिडिओ गाजला. भांड्यात ठेवलेल्या लांबलचक साखळीचं एक टोक खाली सोडलं की साखळी आपोआप वाहू लागते आणि भांड्याच्या काठावरून वर उसळून हवेत कमान करते. जॉन बिगिन्स आणि मार्क वॉर्नर या केंब्रिजच्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४मध्ये त्याचं कारण मांडलं: साखळीचा तुकडा एका बाजूनं वर खेचला जातो तेव्हा त्याची दुसरी बाजू भांड्यावर खाली दाबते, आणि भांडं त्याला उलट वर ढकलतं. म्हणजे कमानीला भांड्याचा धक्का लागतो. भांडं जितकं उंचावर, कमान तितकी मोठी.

आपल्याकडं गणपतीच्या मखरासाठी प्लास्टिकच्या मोत्यांच्या लडी गणपत गल्लीत मिळतात. दोऱ्यावर मणी पक्के बसलेली घ्या. मणी सरकणारी माळ अडकते. लांबी जेवढी परवडेल तेवढी. स्टीलच्या डब्यात ती भरणं हेच खरं काम: एका टोकापासून सुरू करून थरावर थर, डबा न हलवता, एकही फेरा दुसऱ्याखाली न जाऊ देता. आमच्या गल्लीतली सातवीतली एक पोरगी हे काम जीभ दातांत धरून, मांडी घालून करते आणि कुणी डब्याला गुडघा लावला तर "सरक की गा तिकडं" म्हणून खेकसते. तिनं भरलेली लड गुंतत नाही. मोठ्यांनी घाईनं भरलेली दुसऱ्या मीटरलाच गाठ मारून बसते. गच्चीवरून किंवा जिन्यावरून सोडा, खाली घमेलं ठेवा.

पोरांना अजून काही हवं असेल तर चहाचे दोन कागदी कप बुडाला बूड लावून चिकटवा, मध्ये रबरबँडांची साखळी गुंडाळून ताणून सोडा. फिरत जाणारे कप खाली पडायच्या ऐवजी वर उचलले जातात. हा मॅग्नस परिणाम: फिरत जाणाऱ्या वस्तूला हवा एका बाजूला ढकलते. २०१५मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात गॉर्डन धरणावरून १२६.५ मीटर खाली टाकलेला फिरकी दिलेला बास्केटबॉल असाच दूर तरंगत गेला आणि तो व्हिडिओ प्रचंड चालला. तो बघून गोकाकच्या धबधब्याच्या कड्यावर किंवा हिडकलच्या धरणावर चेंडू घेऊन जायची कल्पना कुणाला सुचली तर तिथंच थांबवा. शाळेचा दुसरा मजला पुरतो.

हे करायचंच नाही

कार्बाईडची पाइपबंदूक. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्यानं कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, आणि ते वेड रीलमधूनच पसरलं. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) किंवा कुठलाही गॅस सुटणारा पदार्थ बंद बाटलीत घालणं, ती फुटते आणि कधी फुटेल ते सांगता येत नाही. 'हत्तीची टूथपेस्ट' हा फेस उसळवण्याचा प्रयोग करायला तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड, ते कातडी भाजतं. मेडिकलमधलं तीन टक्क्यांचं पेरॉक्साइड, भांड्याचा साबण आणि बेकरीचं यीस्ट घेऊन छोटा फेस करा, तेवढा पुरे. आणि गुरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ठेवायला द्रव नायट्रोजन असतो हे खेड्यातल्या पोरांना बरोबर ठाऊक असतं. उणे १९६ अंशांची ती वस्तू ओळखीवर मागून आणायची नाही.

शूटिंग

प्रयोग तीन वेळा सलग बरोबर झाल्याशिवाय कॅमेरा काढू नका. मोबाईल स्टँडवर, उभा, आणि अंतर असं की बांबूचं टोक आणि माणसांचे चेहरे दोन्ही येतील. कारंजं एकटं बघायला कंटाळवाणं असतं, ते बघून मागं पळणारी आजी महत्त्वाची.

स्लो मोशन घेणार असाल तर उन्हात घ्या. घरातला वीजप्रवाह ५० हर्ट्झचा, त्यामुळं साध्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना कळत नाही, पण सेकंदाला २४० फ्रेम घेणारा मोबाईल ते पकडतो आणि सगळा व्हिडिओ लुकलुकतो. सकाळी नऊच्या आसपासचं तिरपं ऊन चांगलं, फेस मागून उजळला की थेंब न थेंब दिसतो. मागं गडद रंगाची भिंत किंवा घोंगडं. फोकस आणि उजेड बोटानं दाबून लॉक करा, नाहीतर फेस उसळला की मोबाईल गोंधळतो. सुरुवात मात्र साध्या वेगात दाखवा, मग तोच क्षण स्लोमध्ये.

एकही कट न मारलेला शॉट ठेवा, पट्टी ओढण्यापासून शेवटच्या थेंबापर्यंत. कट दिसला की लोक 'एडिट आहे' म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही.

बोलणं आणि टाकणं

आमच्या भागात प्रेक्षक दोन भाषांचा. कॅमेऱ्यासमोर बडबड कमी करा, प्रयोग मुका घ्या आणि आवाज नंतर घाला: एक मराठीत, एक कन्नडमध्ये. कन्नड नीट येत नसेल तर शेजारच्या मित्राकडून बोलून घ्या आणि त्याचं नाव लिहा. पडद्यावर शब्दांपेक्षा आकडे ठेवा: गोळ्या किती, तापमान किती, उंची किती. 'थांबा, शेवटपर्यंत बघा' असं लिहायची गरज पडली तर सुरुवात परत कापा. पहिल्या दोन सेकंदांत बाटली, नळी आणि पट्टी धरलेला हात दिसला पाहिजे.

लहान मुलं चेहऱ्यानिशी दिसत असतील तर त्यांच्या घरी विचारून घ्या, आणि शाळेचा गणवेश, पाटी फ्रेममध्ये येऊ देऊ नका. वर्णनात सामानाची यादी, प्रमाण आणि 'काचेची बाटली नको, मोठं माणूस जवळ हवं' एवढं लिहा. कुणी कमेंटमध्ये 'आमच्याकडं उडालं नाही' म्हटलं तर चारच गोष्टी विचारा: बाटली थंड होती काय, बूच आधी उघडलेलं होतं काय, काठ पुसला होता काय, आणि गोळ्या एकदम पडल्या काय. उत्तर बहुतेक वेळा शेवटच्या प्रश्नात सापडतं.